नळीच्या आतली बाजू

सेलूत, जिंतूर नाक्याला, मखदूम उस्तादांच्या टपरीत
मी पहिल्यांदा ज्योत धरली,
तेव्हा आठवडाभर भाकरीला कार्बाइडचा वास येत होता.
उस्ताद म्हणायचे, ज्योतीच्या आत ज्योत असते,
आतली निळी. तिचं ऐकायचं.

जीपचा सायलेन्सर म्हणजे चाळणीच.
गंज झटकला की पत्रा हातात येतो.
पितळेची काडी टाकणखारात बुडवून
ते अशी टेकवत,
जशी आजाऱ्याला चमच्यानं पेज.
काडी वितळे, पत्रा नाही.

पलीकडं इलेक्ट्रोडवाला रघू सोनटक्के,
त्याचं काम उसाच्या ट्रॉलीचे आकडे.
एकदा त्यानं कारच्या नळीला हात घातला,
टेकवलं आणि पलीकडचा रस्ता दिसला.

आता मी वाळूजला आहे.
काचेच्या खोलीत रोबो सीओटूनं फ्लँज लावतो,
घाईत जेवणाऱ्यासारखा.
पोट भरतं, पण ताटाभोवती शितं.
ती शितं छिन्नीनं काढायला दोन पोरं ठेवलीत.
आणि जिथं चार नळ्या एका तोंडाला मिळतात,
रोबोचं मनगट वळत नाही,
तिथं टिग, तिथं मी.
एका हातात टॉर्च, एका हातात तार,
पाय पेडलवर, आईच्या शिलाई मशीनवर असायचा तसा.
तासाला तीन नग.
रोबो तेवढ्यात साठ करतो,
हे मला पगाराच्या दिवशी आठवतं.

स्टेनलेसला आतूनही हवा लागू द्यायची नाही.
नळीची दोन्ही तोंडं टेपनं बंद,
आत आर्गॉन सोडायचा, थांबायचं,
मगच ठिणगी.
नाहीतर आतून साखर धरते.
साखरच म्हणतात तिला,
काळी, खरखरीत, कढईच्या बुडासारखी.
बाहेर शिवण मोरपिसासारखी,
आणि वर्षा-दोन वर्षांनी धूर आतून चीर शोधतो.
तपासणीच्या अंबुलगे मॅडम
नळीत बोटाएवढा कॅमेरा घालतात.
मी पडद्याकडं बघत नाही,
त्यांच्या भुवयांकडं बघते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी
एक नाकारलेला तुकडा पिशवीत घालून सेलूला गेले.
उस्तादांना आता उजव्या डोळ्यानं दिसत नाही.
त्यांनी शिवणीवरून नख फिरवलं,
हळूहळू, मोजत असावेत.
"कणसावर दाणे बसल्यागत बसवलंस, प्रयागा."
मग करंगळी आत घातली
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
"हे गंजलेल्याला लागतं का?"
नाही, मी म्हणाले. पत्रा स्वच्छ लागतो,
तेलाचा डाग नको, रंग नको, पावडर नको.
"मग माझं गिऱ्हाईक तुझ्याकडं कशाला यील?"
हसताना त्यांना खोकला लागला.

तेवढ्यात बोरीचा एक माणूस व्हॅन घेऊन आला.
आवाज एवढा की कुत्री उठली.
उस्तादांनी टॉर्च माझ्यापुढं धरली.
डाव्या बाजूचा जोड माझा, उजव्या बाजूचा त्यांचा.
वर्षानुवर्षं नवा धातू शिवलेला माझा हात
जुन्याला जास्त वेळ थांबला.
भोक पडलं. त्यावर ठिगळ लावलं.
त्यांनी त्यांचा जोड चहा निवायच्या आत संपवला,
न बघता, म्हणजे आवाजावर.

मग मागच्या तोंडाला ओलं फडकं दाबून
गाडी चालू केली,
आणि साबणाचं पाणी सगळीकडं फिरवलं.

उजवीकडं काही नाही.
डावीकडं, ठिगळाच्या खालच्या कडेला,
एक बुडबुडा आला,
मोहरीएवढा, मग हरभऱ्याएवढा.
मी पुसायला हात पुढं केला.
"राहू दे," उस्ताद म्हणाले,
"फुटेपर्यंत बघ."