कमीत कमी बावीस

परवा चोर्ल्याचा घाट उतरताना पेडल थरथरलं.
मागे दीड टन कोबी, वर ताडपत्री,
म्हापशाचा बाजार पहाटे पाचला.
उजवा पाय रात्रभर ते थरथरणं घेऊन झोपला.

आज उद्यमबागेत चाक काढलं.
डिस्कवर वर्तुळात वर्तुळं, दोन निळे डाग,
कडेला उठलेला ओठ, नखाला लागणारा.
भरमाण्णानं आधी हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासला.
"मळ ठेवून बसवलास तर नवं पण वाकडंच फिरतंय बघ."

मग लेथ.
बिडाचा भुगा पडत गेला, काळा, कोमट,
आणि त्यात माझी सात वर्षं:
कणकुंबीचं धुकं,
जांबोटीच्या पुढं आडवा आलेला गवा,
एसटीचा अचानक लाल झालेला दिवा,
उतारावर होतो म्हणून न घेतलेला
शेवंताचा एक फोन.

मायक्रोमीटर लावून तो थांबला.
"इप्पत्तेरडु."
डिस्कच्या कडेवर ओतलेला आकडा मी वाचला: बावीस.
याच्या खाली नाही.
"साकु," म्हणाला, "परत घासायला आणू नकोस."

मी अंगठा फिरवला. गुळगुळीत, गार.
असा आकडा माझ्या कडेला कुणी ओतला नाही,
नाहीतर शेवंतानं कधीच मोजून पाहिलं असतं.

दुकानाची पाटी कन्नडात, उधारीची वही मराठीत.
वहीत माझं नाव आलं.
रविवारी नवी जोडी.
तोवर कोबी निम्मा,
आणि घाट दुसऱ्या गिअरात.