मोड

आमच्याकडे मटकी रात्री भिजते.
चौदा किलो. सकाळी उपसायची,
फडक्यात गच्च बांधायची,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला
पंचवटीतल्या तीन मिसळवाल्यांकडे
मोड पोचले पाहिजेत.
वडील गेल्यापासून आईचा हाच धंदा.

वडील तांबट. पातेली त्यांनीच ठोकलेली.
प्रत्येकाच्या काठाला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव:
'सौ. विमल हिस, पहिल्या दिवाळसणाला.'
'चि. हर्षल, बारसे, श्रावण शु. ५.'
माझ्या नावाचा हंडा होता, कंगोऱ्याचा.
लहानपणी मी त्यात लपायचे.

पहिलं पातेलं गेलं तेव्हा वाटलं,
कुणी कार्याला नेलं असेल.
आई चार घरं विचारत फिरली.
हर्षलही फिरला तिच्याबरोबर,
बॅटरी धरून.

दुसरं गेलं तेव्हा मला कळलं होतं.
मी बोलले नाही.
हे आईला अजून सांगितलेलं नाही.

तो वाळत गेला.
कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं पोरीचं प्रकरण.
आईने दृष्ट काढली,
मीठमोहऱ्या तव्यावर तडतडल्या
आणि तो हसला.
पुडी असते नखाएवढी.
तेवढ्यात एक कंगोऱ्याचा हंडा
मावतो कसा,
मला कुणी सांगावं.

भांडीबाजाराच्या मागे, मोडीच्या दुकानात
मी माझं नाव ओळखलं.
अर्धंच. हंडा चेपलेला,
ठिपके आत वळलेले.
दुकानदाराने तो काट्यावर टाकला.
"ताई, मोडीत आलेल्या मालाला नाव नसतं.
किलोने बोला."
माणूस वाईट नव्हता. चहा मागवला त्याने.
म्हणाला, तुमच्याच बाजूच्या
या महिन्यातल्या तुम्ही तिसऱ्या.

मग मोडतच गेलं.
केंद्राची फी भरायला आईची पोत मोडली.
पोस्टातलं मुदतीआधी मोडलं.
माझं जमलेलं मोडलं.
सिन्नरची मंडळी फोनवर म्हणाली, पत्रिका जुळत नाही.
पत्रिका त्यांनीच जुळवलेली.
एक सवय तेवढी
मोडत नव्हती.

म्हसरूळचं केंद्र. तीनदा आत, तीनदा बाहेर.
दुसऱ्या खेपेला तो खिडकीतून म्हणाला,
घरी नेऊ नका मला,
तिथे सगळं ओळखीचं आहे.
आम्ही नेलं.
नवरात्र होतं, कालिकेची यात्रा भरलेली,
सणाला पोरगं घरी नको का.

आज एकशे बारावा दिवस.
आई मोजत नाही म्हणते.
कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी
रोज एक खूण जास्त असते.

तो मटकी निवडतो. हात थरथरतो,
तरी खडा सुटत नाही.
उरलेलं एकुलतं तांब्याचं पातेलं
आई उशाशी घेऊन झोपते.
म्हणते, मांजर येतं.
त्याला कळतं.
तो मांजरासाठी दार लावून घेतो.

आज सकाळी त्याने खिशातून शंभराची नोट काढली.
"मोड आहे का गं?
बसमध्ये सुटे मागतात."

घर थांबलं.
आईच्या हातातलं फडकं, मोरीतला नळ, मी.
नोट कुठली,
बस कुठली,
कुणीच विचारलं नाही.

मी डबा उघडला.
दहाची नऊ, पाचची दोन, मोजून दिली.
बोटं त्याच्या तळव्याला लागली.
तळवा कोरडा होता.
निमाणीकडे वळेपर्यंत गच्चीवरून पाहिलं.
वळला.
पुढचं तिथून दिसत नाही.

आता संध्याकाळचे सहा.
फडकं बांधलेलंच आहे.
सारखं सोडून बघू नये, आई म्हणते,
वारा लागला की मोड खुंटतात.
मी हात मागे घेते.

थोड्या वेळाने
तीच उठते, दिवा न लावता,
आणि गाठ चाचपते.