पिवळं लोणी

शाल्मलीने कॅनडातून फोटो पाठवला.
गोदामामागच्या खडीत उगवलेला तुरा,
पाकळ्या फिकट पिवळ्या, ओठ केशरी.
खाली लिहिलेलं: इथे ह्याला लोणी-अंडी म्हणतात.
मी तेव्हा खारघरला, सेक्टर बारात,
पाव किलो लोण्यात साखर फेटत होते.
फोन कोपराने सरळ केला.

चांगुणा बुधवारी येते, फणसवाडीतून टेकडी उतरून,
डोक्यावरच्या टोपलीत भाताचा कोंडा,
कोंड्यात तीस गावठी अंडी.
तिला फोटो दाखवला, नाव सांगितलं.
ती म्हणाली, लोणी पिवळं कुठं असतं?
मी फ्रिजमधली वडी काढली.
तिने बोटाने दाबली, बोट चाटलं.
"खारट."
आणि पदराला पुसून टाकलं.
त्या लांबच्या फुलाचं निम्मं नाव
माझ्या ओट्यावरच बाद झालं.

गेटपर्यंत तिच्यासोबत गेले.
गटाराच्या झाकणाशी एकदांडी उभी,
लांब देठावर तोललेली,
पांढरी कड, मधे पिवळा बलक,
उकडून अर्धं कापलेलं अंडंच.
"हा दगडी पाला. विळा लागला का चोळायचा."
अगं, पण अंड्यासारखं दिसत नाही?
"दिसतंय की.
पण अंड्याला अंडं हाये ना."

मग तिलाच चेव आला.
ही तुपकडी. ह्यात तूप कुठे?
"म्हातारी म्हनायची. तिलाच ठावं."
ही दुधी. देठ मोडला, पांढरा थेंब आला,
"हिचं मात्र खरं."
ट्रान्सफॉर्मरमागे एक बारकं फूल होतं,
हळदीच्या बोटाएवढं, मधे भगवा ठिपका.
आणि ह्याला?
"ह्याला कशाला नाव?
आपन खात नाय, गुरं खात नाय,
औशदाला नाय."
टोपली डोक्यावर चढवून ती निघून गेली.

शुक्रवारी बी विंगमधल्या पाठकांच्या नातीचा वाढदिवस.
दीड किलो, बिनअंड्याचा,
दही, खायचा सोडा, वर गुलाबी साय.
खोका न्यायला काका स्वतः आले,
मागे दार ओढून घेतलं,
आणि माझ्या चपलांच्या कपाटाकडे बघत म्हणाले,
"ते... दुसरं... काही उरलंय का?"
त्यांच्या घरात तो शब्द काढत नाहीत.
मी कडेचे तुकडे कागदात गुंडाळून देते,
वहीत लिहिते: पाठक, किरकोळ, साठ रुपये.
जिन्यात, दुसऱ्या वळणावर,
कागद उलगडल्याचा आवाज येतो.

पुढच्या बुधवारी कोंड्यावर, अंड्यांच्या वर,
तेच बारकं फूल होतं, उन्हाने मान टाकलेलं.
"वाडीत इचारलं. कुनालाच ठावं नाय.
म्हातारा सोमा पन डोकं खाजवीत बसला.
आता पोरं त्याला केकवाली म्हनतात."
मला हसू आवरेना. पीठ नाकाला लागलं.
ती हसली नाही.
फूल उचलून ओट्यावर ठेवलं, लोण्याच्या वडीजवळ.
"नाव पडलं," म्हणाली,
"आता शेळी पन खाऊन बघंल."

दोन अंडी वाटेत तडकली होती.
तिने अठ्ठावीसचेच पैसे घेतले
आणि तडकलेली दोन, न विचारता,
माझ्या भांड्यात फोडली.