साडेसात

किसुमूजवळ, दुंगाच्या किनाऱ्यावर
अपोंडी माझ्या अ‍ॅपमध्ये वजन भरत होती:
ओमेना, साडेसात किलो, बोट ओकुमूची, उधार.
तिसऱ्या स्क्रीनवर होती,
एवढ्यात फोन वाजला.
बहीण. बाळाचा ताप. चारच मिनिटं.

परतली तर पहिली स्क्रीन,
कोरी. जशी कुणाची ओळखच नाही.

जुना फोन, मेमरी तोकडी.
सिस्टीमनं मागच्या मागे अ‍ॅप मारून टाकलं होतं.
तसा आधी निरोप दिला होता,
बाजूला हो, काय जपायचं ते जप,
आणि त्या फंक्शनमध्ये मी लिहून ठेवलं होतं:
नंतर बघू.

अपोंडी रागावली नाही.
ओल्या हातानं तिनं टोपलीचा काठ दाखवला.
कोळशाच्या सात रेघा, एक अर्धी.
"दिवसातून दहादा हाक मारतं कुणीतरी," म्हणाली,
"उठायच्या आधी ओढते."

रात्री ते फंक्शन भरलं.
वजन, बोट, उधारी,
आणि कुठल्या स्क्रीनवरून उठली, तेही.
मग माझ्याच हातानं अ‍ॅप मारलं.
उघडलं.
साडेसात.

बॅक. दुसरी स्क्रीन.
बॅक. पहिली.
अजून एकदा बॅक,
आणि खिडकीबाहेर काळ्या पाण्यावर
ओमेनाच्या बोटींचे दिवे,
मी बघत नव्हतो तेव्हाही लागलेले.