गुंजभर

तीस वर्षं सोनं तोललं,
आता गोळी तोलतो.
तोच काटा, श्वास रोखून धरायची तीच सवय.

डॉक्टरबाईंनी तक्ता आखून दिलाय:
दर तीन आठवड्यांनी एवढीच कमी,
ही कापायची, ती लांबट मात्र कापायची नाही,
आणि एकदम तर मुळीच सोडायची नाही.
म्हणजे गुंजभर गुंजभर, मी म्हणालो.
त्यांना गुंज माहीत नव्हती.
खिशातून काढून दाखवली, लाल, काळ्या डोळ्याची.
एक्सरे बघावा तशी उजेडात धरून म्हणाल्या,
हो, अशीच.

मणक्यात चार स्क्रू आहेत.
ऑपरेशन यशस्वी, असं कागदावर लिहिलंय.
कागदाला दुखत नाही.

गुरुवारी चार वाजता परळला जातो.
ओपीडीमागची खोली, पिवळ्या पाकिटांची थप्पी,
खुर्च्या सात, आणि एक सतरंजी,
ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी.
इथं कुणी विचारत नाही, दहापैकी किती?
विचारतात, काल काय केलंस?
फिलोमिना म्हणते, कपडे वाळत घातले,
खालच्या दोरीवर.
रेवती तांडेल म्हणते, ससून डॉकला गेले,
पाटी नाही उचलली, भाव तेवढा केला.
अन्वर मास्तर म्हणतात, काही नाही. पडून होतो.
खोली त्या 'काही नाही'लाही मान डोलावते.

चौथ्या गुरुवारी मी झारेकऱ्यांचं सांगत होतो,
झवेरी बाजारात दुकानं उघडायच्या आत
गटारातला गाळ चाळून कणभर सोनं काढतात ते.
सांगता सांगता तोंडातून निघून गेलं:
गोळी कापली की पात्याला भुकटी राहते,
ती मी जिभेनं टिपतो.
रोज.
बायको स्वयंपाकघरात असताना.

थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग रेवती म्हणाली, पात्यावरची ना?
मी तर रिकाम्या पट्टीत बोट फिरवलंय,
खवलं चिकटलेलं बोट.
आणि हसली.
मास्तर हसले, हसताना कंबर धरली त्यांनी.
प्रत्येकानंच काही ना काही धरलं.

रात्री तीनला पाय अंथरुणात थांबत नाहीत,
जणू भाड्यानं आणलेत.
नाक गळतं, अंगावर काटा, पोटात ढवळतं.
ठरलंय आमचं: मिस्ड कॉल द्यायचा,
जो जागा असेल तो उलट करेल.
मास्तर करतात. बोलायला काही नसतं.
त्यांच्याकडे मदनपुऱ्यात कुणी हातगाडी ओढतंय,
माझ्याकडे फणसवाडीत पाण्याची मोटर चालू झालीय.
ते जांभई देतात, मी देतो.
जांभई फोनमधूनही लागते.

फिलोमिना दोन गुरुवार आली नाही.
तिसऱ्याला दारातच म्हणाली, मी मागे गेले,
डॉक्टरांना विचारून परत वाढवली,
लेकीच्या लग्नात उभं राहायचं होतं.
मास्तरांनी सतरंजी सरकवली.
मी म्हणालो, काटा कधी एकदम थांबतो का,
आधी झुलतोच.
मला वाटलं, छान बोललो.
ती म्हणाली, उपदेश नको, उशी दे.

दुखणं आहे.
मोज्यात पाय घालताना आहे, शिंकताना आहे.
पूर्वी ते कापडात गुंडाळल्यासारखं लांबून यायचं,
त्याच कापडात बायकोचा आवाजही असायचा.
आता दोन्ही तसेच येतात, उघडे.
काल तिनं विचारलं, आमटीत मीठ कमी आहे का?
होतं. मला कळलं.

आज नवा टप्पा. कापली.
पातं लगेच नळाखाली धरलं नाही.
धरलं, पण लगेच नाही.
एवढं वहीत लिहून ठेवतो,
गुरुवारी सांगायला.