खिडकी नंबर तीन

पुसदहून बदलीचा कागद आला तेव्हा
ऑफिसात सगळे म्हणाले,
मराठीच तर आहे तिकडं,
तुला काय नवीन शिकायचंय?

तिसऱ्या दिवशी कपिलतीर्थाच्या मंडईत
मी सांबाराची जुडी मागितली.
भाजीवालीनं पाणी शिंपडणं थांबवलं.
"सांबार? त्यो उडप्याकडं, ताई.
जुडीत न्हाई, वाटीत मिळतोय."
शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.
मी बोट दाखवलं.
"मग कोथमीर म्हणा की!"

तो 'की'
बोटात गेलेल्या कुसळासारखा
मंगळवार पेठेपर्यंत टोचत राहिला.

मगदूम मावशींच्या माडीवर माझी खोली.
वरणाला घालायला मी खाली तिखट मागायला गेले.
"काय तिखट?" त्या म्हणाल्या.
तिखट म्हणजे तिखट.
"अगं पर काय तिखट? आमच्यात सगळंच तिखट हाय."
पाच मिनिटांनी कळलं,
मला हवी होती ती चटणी.
वाटीभर दिली, कांदालसणाची.
त्या रात्री वरण
मला ओळखेना.

पोस्टात तिसरी खिडकी माझी,
बचत खाती, आवर्ती ठेव.
पहिला महिनाभर वाटायचं
जो तो माझ्याशी भांडायलाच आलाय.
"पासबुक भरून देतासा का न्हाई?"
मी मान खाली घालून शिक्के मारायची,
एक शिक्का तर माझ्याच अंगठ्यावर.
मग हळूहळू ध्यानात आलं,
हा इथला साधा आवाज आहे.
खरा रागावलेला माणूस
इथं अगदी हळू बोलतो.
(तोही एकदा आला. त्याचं वेगळं.)

एकदा मी बागवानचाचांना म्हणाले,
थांबा जरा, मशीन चालून राहिलं.
चाचांनी चष्मा कपाळावर घेतला.
"मॅडम, चाललंय का राहिलंय?
एक काय ते सांगा,
म्हणजे मी चहा पिऊन येतो."
रांग हसली. मीही हसले,
पण घरी येऊन पाहिलं ते वाक्य
उलटंसुलटं करून.
तीस वर्षं बोलतेय,
त्यात थांबणं लपलेलं
कधी दिसलं नव्हतं.

मावशींची तेजल
स्कूटरला किक मारता मारता ओरडते,
"आई, मी जातो गं! साडेआठला येतो!"
पहिल्यांदा मी गॅलरीतून वाकून पाहिलं होतं,
कुठला मुलगा म्हणून.
क्रियापद पुरुषाचं आहे
हे तिला कुणी सांगितलेलं नाही,
किंवा सांगितलं असेल
आणि तिनं ते
भावाच्या शर्टासारखं घातलं असेल,
बाह्या दुमडून.

पांढरा रस्सा मला अजून जात नाही.
स्टेडियमच्या बाजूनं ओरडा उठला
की कोणत्या पेठेनं गोल केला
हे मला अजून कळत नाही.
'जेवलासा काय?' याला
खरं उत्तर द्यायचं नसतं
हे मात्र कळलंय. नुसतं 'व्हय' म्हणायचं.

परवा रविवारी आईचा फोन.
डब्याचं, गुडघ्याचं, मावसभावाच्या लग्नाचं
सगळं बोलून झालं,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"बरं, ठेवतो मी."

तिकडं कुकरची एक शिट्टी झाली.
"कोन ठेवतो?" आई म्हणाली.
"आवाज तं तुहाच हाय."

लाइन खराब आहे, म्हणाले मी.
ती काही बोलली नाही थोडा वेळ.
मग म्हणाली,
"तिकडं सांबाराले काय म्हनतेत म्हने?"
मी सांगितलं.
तिनं एकदा म्हणून पाहिलं,
कोथमीर.
पुन्हा एकदा, जरा सावकाश,
जीभ लावून पाहावी तसं.

"नाई," ती म्हणाली,
"वास नाई येत त्याले."