कस

दुकान उघडायच्या आधी
तराजूवर स्टीलची वाटी उपडी ठेवली
आणि तिच्यावर रॅकेट आडवी धरून
अलगद सोडली.
तराजूचं काचेचं दार काही लागेना.
कास्मिरोची: तीनशे एकेचाळीस ग्रॅम.
डोक्याशी शिशाची पट्टी चिकटवलीय त्याने.
आमच्या धंद्यात ह्याला खोट म्हणतात.
तो म्हणतो, वजन पुढे हवं, शेट.
ही नवी, मानेवर 'ट्रायल'चा स्टिकर,
तीनशेला दोन कमी.
माझी जुनी इथे नाही,
पण तिचं वजन पाठ आहे, तीनशे बावीस,
त्यात घाम किती, कोण जाणे.

जुनी आन्सेल्मकडे आहे.
चार दिवसांच्या बोलीवर नवी देताना
अनामत विचारली, तर पैसे नको म्हणाला,
ती खांद्यावरची ठेवा.
मी ठेवली.
म्हापशाच्या पेठेत तीस वर्षं
लोकांच्या पाटल्या, मोहनमाळा गहाण घेणारा मी,
पावती हातात घेऊन पायऱ्या उतरलो
आणि दोनदा मागे वळून पाहिलं.

खोर्लीचं कोर्ट. तांबडी माती,
रेषांच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या,
बेसलाइनचा एक खिळा वर आलेला,
तो कुठे आहे ते आमच्या पायांना ठाऊक.
कुंपणापलीकडे म्हशी.
सकाळचा एक बॉल त्यांच्या नावाने जातोच.

पहिल्याच फटक्याला आवाज वेगळा.
जुनी ठप्प म्हणायची, डबीचं झाकण लावल्यासारखी.
कास्मिरोची घुमते, रिकाम्या पिंपासारखी.
ही टण्ण.
वडील रुपया दगडावर आपटून
मान तिरकी करून ऐकायचे,
तशी मीही केली. कास्मिरो हसला.

खोटं कशाला बोलू, नवी चांगली आहे.
सर्व्हिस हातभर आत पडते.
कोपर दुखत नाही.
बॅकहँड, जो माझ्याकडे कधी नव्हताच,
दोनदा रेषेवरून गेला
आणि कास्मिरो 'आउट' म्हणायचं विसरला.
पण कडेला लागलेला बॉलही
ही निमूटपणे पलीकडे नेऊन ठेवते.
जुनी तिथल्या तिथे मनगटात चावायची:
उशीर केलास. पाय कुठे होते?
हिच्याशी खेळताना
माझी चूक मला सापडेना.

तिसऱ्या दिवशी कसोटीचा दगड पुसताना वाटलं,
चोवीस कॅरटात खडा बसवता येत नाही.
धरून ठेवायला
थोडं तांबं लागतंच.
मग गिऱ्हाईक आलं, कर्णफुलाची फिरकी हरवलेलं,
विचार तिथेच राहिला.

चौथ्या दिवशी गेलो तर
आन्सेल्मच्या शेजारच्या बंद शटरवर
दहा-अकरा वर्षांची पोरगी बॉल मारत होती,
धडाड, धडाड,
दोन्ही हातांनी धरून, माझी जुनी.
आन्सेल्म ओशाळला.
पुतणी माझी, वेनिशा. रडत होती, म्हणून दिली. एक मिनिट हां.
तो हाक मारणार तोच मी त्याचं मनगट धरलं.

तिचा एक फटका चुकला, फ्रेमला लागला.
तिने हात झटकला,
मनगटाकडे पाहिलं,
मग पाय एक वीत मागे घेतले.
ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जड नाही होत? मी विचारलं.
होते, म्हणाली, पण कळतं.
आणि पुन्हा शटरकडे वळली.

नवीचे पैसे मोजून दिले.
आन्सेल्मने नखाने स्टिकर खरवडला,
थोडा गोंद राहिला, तो अजून बोटाला लागतो.
पावती माझ्या पाकिटात आहे,
मोहनमाळांच्या पावत्यांसारखीच चार घड्या घातलेली.
मुदत टळून गेली.
सोडवायला काही गेलो नाही.